साबालोचं काळीज

पहाटे एलेआसार जाळं ओढतो
तेव्हा मी काठावर बर्फाची पेटी उघडी धरून उभी असते.
मे महिना. पिल्कोमायोचं पाणी
दूध कमी पडलेल्या कॉफीसारखं.
मासे खालच्या दलदलीतून वर निघालेत,
मी वरून, पोतोसीहून, खाली आलेय.
मध्येच कुठेतरी आमची गाठ पडते,
वियामोंतेसच्या या वळणावर.

साबालो शिकार करत नाही.
तो गाळ खातो.
जाड ओठ तळाला लावून
नदीनं टाकून दिलेलं चाटूनपुसून घेतो,
सगळ्यांचं झाल्यावर पातेलं निपटणाऱ्या
थोरल्या बहिणीसारखा.
म्हणून तर मला तोच हवा असतो.
पाण्याची बाटली फक्त आजचं बोलते;
काल रात्री वर कुणी काय सोडलं
ते तिच्यात भरायच्या आधीच वाहून गेलेलं.
माशाला मात्र सारं पोटात ठेवायची सवय.

लांबी एकेचाळीस सेंटिमीटर. मादी.
कल्ले फिकट, चिकट.
काळीज सिरॅमिकच्या सुरीनं काढायचं,
पोलादाच्या नाही,
आपला धातू तिच्या धातूत मिसळायला नको.
काळजात कॅडमियम. हाडांत शिसं.
आणि कवटीत, दोन्ही अंगांना,
तांदळाच्या कणीएवढे दोन खडे, कानाचे.
त्यांवर वर्षाला एक कडं चढतं.
नदीनं जे जे कानावर घातलं
ते तिथं थराथरानं बसलेलं.

चौथं कडं गडद आहे.
त्या वर्षी वर काय झालं, मला ठाऊक आहे.
बाबा तेव्हा खनिज धुण्याच्या कारखान्यात होते.
शुक्रवारी पगार झाला,
त्याच शुक्रवारी गाळाच्या तळ्याची भिंत खचली,
असं ते जेवताना म्हणाले
आणि मीठ मागितलं.

एलेआसारला आकडे नको असतात.
मी सांगते, दशलक्षात इतके भाग.
तो गाठी चाचपत विचारतो,
"म्हणजे हिनं आज रांधायचं की नाही?"
कोष्टकात याला रकाना नाही.
मी म्हणते, डोकं नको, काळीज नको,
आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नको.
"आणि उरलेले पाच दिवस?
विचार तुझ्या बापाला, काय धाडतो ते."

मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.
बर्फाच्या पेटीवर कारखान्याचा जुना शिक्का आहे,
मी अर्धा खरवडलेला.
उरलेला अर्धा त्यानं वाचला होता.

दुपारी त्याची नात आली, तबिता,
मूठ गच्च मिटलेली.
उघडली. दुधाचा दात,
मुळाशी अजून रक्ताचा ठिपका.
"यात पण कडी असतात का?
माशाच्या खड्यात असतात तशी?"

असतात.
मी बोलले नाही.

पाकिटं अठ्ठावीस, मासे अठ्ठावीस,
मोजून आणलेली.
मी माझ्या पावाचा कागद फाडला,
त्यात दात गुंडाळला,
वर तारीख लिहिली, नदी, वळण.
प्रजाती लिहायच्या जागी
पेन नुसतंच टेकून राहिलं.
शाई पसरत गेली.

संध्याकाळी एलेआसारच्या बायकोनं
साबालो उभा चिरला, काटक्यांत अडकवला
आणि निखाऱ्यांशेजारी वाळूत रोवला.
चरबी थेंब थेंब गळत होती,
वास असा की पोटात कालवाकालव.
पहिला तुकडा तिनं माझ्यापुढं ठेवला.
कुणी काही म्हणालं नाही.
सगळे माझ्या हाताकडं बघत होते.

मी खाल्ला.
चवीला चांगला होता, हे लिहायला हवं.
एक काटा निघाला, बारीक, दुबेळक्या टोकाचा.
तबितानं तो माझ्या ताटलीतून उचलला,
कंदिलासमोर धरला,
आणि एक डोळा मिटून
मोजायला लागली.